ओळखपत्र दाखवलं म्हणून व्हिडिओ उडाला

कझाकस्तानात अल्माटी म्हणून मोठं शहर आहे. तिथे अताजुर्त नावाच्या एका छोट्या संस्थेकडे लोक यायचे, कॅमेऱ्यासमोर बसायचे, एका हातात भावाचा नाहीतर नवऱ्याचा नाहीतर म्हाताऱ्या बापाचा फोटो, दुसऱ्या हातात ओळखपत्र, आणि बोलायला सुरुवात. मी अमुक, हा माझा सख्खा भाऊ, चीनमध्ये शिनजियांगला राहतो, गाव हे, ओळखपत्राचा नंबर हा, त्याला उचलून नेलंय आणि तेव्हापासून त्याचा काही पत्ता नाही. ना म्युझिक, ना एडिटिंग. एक उठला की दुसरा बसायचा.

२०१७ पासून असे जवळपास ११ हजार व्हिडिओ या लोकांनी यूट्यूबवर टाकले, सगळे मिळून १२ कोटींच्या वर व्ह्यूज. आणि १५ जून २०२१ ला अख्खं चॅनलच बंद झालं. रॉयटर्स या वृत्तसंस्थेने यूट्यूबला विचारणा केली तेव्हा तीन दिवसांनी, १८ जूनला, ते परत सुरू झालं.

बंद का झालं होतं माहितीये? बाकीच्या कारणांचं जाऊ द्या, मुख्य भानगड ओळखपत्राची होती. व्हिडिओत माणसांची ओळखपत्रं दिसतायत, म्हणजे खाजगी माहिती उघड केली, म्हणजे 'सायबरबुलिंग आणि छळ' या नियमाचा भंग. ज्याचा भाऊ गायब आहे त्यानेच भावाचा छळ केला, असा त्याचा सरळ अर्थ. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं बातमी लिहिणाऱ्याचीच काहीतरी गडबड झाली असेल. नव्हती झाली.

आता हे प्रकरण जुनं आहे पण प्रश्न रोजचा आहे, दर थोड्या दिवसांनी कुठेतरी युद्धाचे नाहीतर पोलिसी मारहाणीचे व्हिडिओ गायब होतात आणि लोक विचारतात की खऱ्या गोष्टी काढतात आणि सरकारी प्रचाराचे व्हिडिओ कसे काय बिनधास्त फिरतात, हा कट आहे का. माझं मत विचाराल तर कट असेलही कुठे कुठे, पण त्याशिवायही हे घडतं. ते कसं, तेच समजून घेऊ.

आधी थोडी पार्श्वभूमी

शिनजियांग म्हणजे चीनचा वायव्येकडचा प्रांत. तिथे उइघुर मुसलमान राहतात आणि कझाख लोकही राहतात. सोव्हिएत युनियन फुटल्यावर कझाकस्तान वेगळा देश झाला आणि त्याने जगभरच्या कझाखांना परत या म्हणून बोलावलं, त्यात शिनजियांगमधूनही पुष्कळ कुटुंबं आली. म्हणजे मुलगी इकडे, आईबाप तिकडे. २०१७ पासून चीनने तिथे मोठ्या प्रमाणावर लोकांना छावण्यांत टाकायला सुरुवात केली. चीन म्हणतं ही व्यवसाय प्रशिक्षण केंद्रं होती. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाने ३१ ऑगस्ट २०२२ ला जो अहवाल काढला त्यात म्हटलंय की तिथे जे झालं ते मानवतेविरुद्धचे गुन्हे ठरू शकतात.

बाहेरच्या पत्रकाराला तिथे मोकळेपणी फिरता येत नाही, आतल्या माणसाला बोलता येत नाही. मग उरतात कोण, तर सीमेच्या अलीकडचे नातेवाईक. म्हणून अताजुर्तचे व्हिडिओ महत्त्वाचे. संस्थेचे संस्थापक सेरिकजान बिलाश, स्वतः शिनजियांगमध्ये जन्मलेले. त्यांना मार्च २०१९ मध्ये कझाकस्ताननेच अटक केली, वांशिक तेढ पसरवल्याचा आरोप ठेवला, आणि त्या ऑगस्टमध्ये चळवळ थांबवायच्या अटीवर सोडलं. पुढे ते देश सोडून गेले. शेजारी चीनसारखा असला की ही अशी कुचंबणा होते, तो वेगळा विषय.

नियम मूर्ख नाहीये, हीच तर अडचण आहे

खाजगी माहिती दाखवू नका हा नियम वाईट आहे का? अजिबात नाही. एखाद्या मुलीने लग्नाला नकार दिला म्हणून कोणी तिचा फोटो, पत्ता आणि आधार नंबर व्हिडिओत टाकला तर तो व्हिडिओ तासाभरात गेला पाहिजे असं तुम्हाआम्हाला सगळ्यांनाच वाटेल. याला डॉक्सिंग म्हणतात, म्हणजे एखाद्याला त्रास व्हावा म्हणून त्याची खाजगी माहिती चव्हाट्यावर मांडणं. नियम त्याच्यासाठी आहे.

पण अल्माटीतली बाई ओळखपत्र का दाखवते? कारण तिच्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही हे तिला पक्कं माहितीये. चीन सरकार म्हणणार, असा माणूसच नाही, हे सगळे पैसे घेऊन बोलणारे नट आहेत. त्यावर तिच्याकडे उत्तर एकच, हा बघा नंबर, तपासा. यूट्यूबचं म्हणणं पडलं की ओळखपत्रं ब्लर करा. संस्थेचं म्हणणं, ब्लर केलं तर आमच्या व्हिडिओची किंमत काय राहिली?

दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत हे लक्षात घ्या. साक्ष ज्या गोष्टींमुळे खरी वाटते, म्हणजे नाव, नंबर, चेहरा, जखम, रक्त, गुन्हेगाराचा युनिफॉर्म, नेमक्या त्याच गोष्टी नियमांच्या यादीत 'दाखवू नका' म्हणून लिहिलेल्या असतात. या लेखात एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा, पुढचं सगळं यातूनच निघतं.

काढतं कोण, माणूस की मशीन?

दोघं. यूट्यूबवर दर मिनिटाला साधारण ५०० तासांचा व्हिडिओ चढतो असं कंपनीच सांगत आलीय. एवढं माणसाने बघायचं म्हटलं तर अशक्य. म्हणून पहिली चाळण मशीनची. मशीनला हजारो जुने व्हिडिओ दाखवून शिकवलेलं असतं की हे चालतं, हे नाही चालत. त्यावर ते नवीन व्हिडिओबद्दल अंदाज बांधतं. दुसरी चाळण प्रेक्षकांची, कोणीही 'रिपोर्ट' दाबू शकतो. मग काही व्हिडिओ माणसासमोर जातात, तो माणूस पटापट निर्णय देतो. या सगळ्या कारभाराला मॉडरेशन म्हणतात.

सोसायटीच्या वॉचमनला चेअरमनने सांगितलंय की हातात हत्यार असलेल्या कोणालाही आत सोडायचं नाही. वॉचमन प्रामाणिक आहे. शहाळीवाला आला, हातात कोयता, त्याला गेटवर अडवला. मागून टाय लावलेला, इस्त्रीचा शर्ट घातलेला चिटफंडवाला आला, हातात फाइल, नमस्कार केला आणि सरळ लिफ्टने वर. संध्याकाळपर्यंत चार म्हाताऱ्यांची एफडी मोडून गेला. वॉचमनची चूक काय? तो हात बघत होता. त्याला हातच बघायला सांगितले होते.

मशीन असंच हात बघतं. छिन्नविच्छिन्न मृतदेह दिसला की दिसला, तो दहशतवाद्याने मिरवायला टाकलाय की आईने मुलाला ओळखण्यासाठी टाकलाय हा फरक त्या चित्रात नसतोच. २०१७ च्या उन्हाळ्यात यूट्यूबने दहशतवादी व्हिडिओ पकडायला नवीन मशीन लावलं आणि सीरियातल्या युद्धाचे हजारो व्हिडिओ उडाले. त्यातले कितीतरी स्थानिक लोकांनी, जीव मुठीत धरून, बॉम्ब कुठे पडला हे दाखवायला काढलेले. सीरियन अर्काइव्ह नावाचा गट २०१४ पासून हे व्हिडिओ जमा करून ठेवत होता, म्हणून त्यातले बरेच कुठेतरी उरले तरी.

आमच्याकडचंही सांगतो. माझ्या मावसभावाने गावच्या यात्रेतली कुस्ती एका ॲपवर टाकली होती. शेवटची जोड, पठ्ठ्याने ढाक मारून समोरच्याला चितपट केलं, हलगी वाजतेय, लोक फेटे उडवतायत. दुसऱ्या दिवशी मेसेज, 'हिंसक मजकूर' म्हणून काढला. त्याने अपील केलं, तेही फेटाळलं. आम्ही हसलो आणि विसरलो, कारण आमची कुस्ती पुढच्या वर्षी परत होणार होती.

२०२० मध्ये कोविडमुळे मॉडरेटर लोक घरी बसले आणि यूट्यूबने मशीनवर जास्त भार टाकला, तेव्हा काय झालं बघा. एप्रिल ते जून या तीन महिन्यांत १ कोटी १४ लाख व्हिडिओ काढले गेले, आधीच्या तीन महिन्यांत हा आकडा ६० लाखांच्या आसपास होता. अपील करून परत आलेले व्हिडिओही जवळपास चौपट झाले, दीड लाखाच्या वर. कंपनीने तेव्हा उघडच सांगितलं होतं की थोडं जास्त निघालं तरी चालेल, वाईट राहायला नको. सुक्याबरोबर ओलं जळणार हे माहीत असूनच काडी लावली होती.

तीन स्ट्राइक आणि खेळ खल्लास

यूट्यूबवर नियम मोडला की स्ट्राइक मिळतो, ट्रॅफिकच्या चलानासारखा. पहिल्यांदा साधारण नुसती ताकीद. पण ९० दिवसांत तीन स्ट्राइक झाले की चॅनलच जातं, त्यातले सगळे व्हिडिओ घेऊन. आता ११ हजार व्हिडिओंतल्या १०,९९० ना काही प्रॉब्लेम नसेल तरी उरलेल्या दहातले तीन पुरेसे आहेत. अताजुर्तच्या बाबतीत १२ व्हिडिओंची तक्रार झाली होती.

तक्रार केली कोणी? यूट्यूब ते सांगत नाही, आणि सांगूही नये, नाहीतर उद्या खऱ्या तक्रारदाराच्या घरी गुंड पोचतील. पण याच पडद्यामागून ठरवून शंभर लोक एकाच चॅनलवर तुटून पडू शकतात. अताजुर्तच्या लोकांना संशय होता की चीनच्या बाजूचे लोक गठ्ठ्याने रिपोर्ट मारतायत. पुरावा कसा देणार? चॅनल परत मिळाल्यावर चारच दिवसांत, २२ जूनला, त्यांचे आणखी काही व्हिडिओ लॉक झाले आणि या वेळी आपोआप आलेल्या मेसेजमध्ये कारण दिलं होतं की 'गुन्हेगारी संघटनां'च्या नियमाचा भंग असू शकतो. बायाबापड्या फोटो धरून रडतायत आणि शिक्का गुन्हेगारी संघटनेचा.

आणि त्याच आठवड्यात

हा योगायोग मला अजून चक्रावून टाकतो. जून २०२१ च्या त्याच आठवड्यात न्यूयॉर्क टाइम्स आणि प्रोपब्लिका यांनी मिळून केलेला एक तपास छापून आला. त्यांनी शिनजियांगमधून आलेले तीन हजारांवर व्हिडिओ तपासले होते. त्यात काय, तर साधी माणसं. दुकानदार, टॅक्सीवाला, शेतकरी, म्हाताऱ्या बाया. सगळे कॅमेऱ्यात बघून सांगतायत की आमच्यावर काही अत्याचार नाहीत, आम्ही अगदी मोकळे आहोत. कित्येक व्हिडिओंत जवळपास तेच वाक्य, 'आम्ही खूप मोकळे आहोत'. जानेवारी २०२१ मध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री माइक पॉम्पेओ यांनी शिनजियांगमध्ये वंशसंहार चाललाय असं जाहीर केलं होतं, त्यानंतर थोड्याच दिवसांत हे सुरू झालं.

हे व्हिडिओ आधी 'पोमग्रेनेट क्लाउड' नावाच्या चिनी ॲपवर दिसायचे, जे कम्युनिस्ट पक्षाच्या मुखपत्राच्या, पीपल्स डेलीच्या, प्रांतीय शाखेचं आहे. (पोमग्रेनेट म्हणजे डाळिंब. सगळ्या जमातींनी डाळिंबाच्या दाण्यांसारखं एकमेकांना चिकटून राहावं, ही शी जिनपिंग यांची आवडती उपमा.) तिथून ते इंग्रजी सबटायटल लावून यूट्यूब आणि ट्विटरवर यायचे.

आता आपल्या वॉचमनला उभा करा गेटवर. या व्हिडिओंत ओळखपत्र आहे का? नाही. रक्त, हत्यार, शिवीगाळ? काहीच नाही. म्हातारी हसतेय आणि म्हणतेय मी सुखात आहे. कुठला नियम मोडला? एकही नाही. सोडा वर.

म्हणजे गंमत अशी की प्रचार नियमात बसतो कारण तो नियमात बसेल असाच बनवलेला असतो, आणि साक्ष नियमाबाहेर जाते कारण ती कोणी बनवलेली नसते. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि तेही कोणाच्या मनात पाप नसताना.

मग प्रचार पकडायचा कसा?

व्हिडिओ बघून नाही पकडता येत. वागणूक बघावी लागते. एका माणसाने म्हटलं मी मोकळा आहे, ठीक आहे. हजार माणसांनी तेच वाक्य म्हटलं, आणि ज्या खात्यांवरून ते चढवलं त्या खात्यांना ना नाव ना मागचा इतिहास, दिवसभर दुसरं काही न करता फक्त हेच टाकतायत, तर मग काहीतरी शिजतंय. ऑगस्ट २०१९ मध्ये हाँगकाँगच्या आंदोलनाच्या वेळी यूट्यूबने २१० चॅनल बंद केली ती असंच बघून, की ही सगळी एकमेकांशी ठरवून वागतायत. ट्विटरनेही तेव्हा ९३६ खाती काढली होती.

म्हणजे कंपन्यांना जमत नाही असं नाही. पण त्यासाठी लागतो तपास, भाषा येणारी माणसं, आणि वेळ. हात बघणं स्वस्त आहे.

"सरकारी चॅनलच बंद करून टाका ना सरळ"

हा आक्षेप हमखास येतो. २०१८ पासून यूट्यूब सरकारी पैशावर चालणाऱ्या चॅनलच्या व्हिडिओखाली एक पट्टी दाखवायला लागलं, की या चॅनलला अमुक सरकारचा पैसा आहे. बीबीसीच्या खालीही असते, ब्रिटिश सार्वजनिक प्रसारण सेवा म्हणून. वाचतं कोण ते सोडा. मग युक्रेन युद्ध झालं आणि मार्च २०२२ मध्ये यूट्यूबने रशियाच्या सरकारी पैशावरची आरटी आणि स्पुटनिकसारखी चॅनल आधी युरोपात आणि मग जगभर बंद केली. याच आरटीने २०१३ मध्ये यूट्यूबवर १०० कोटी व्ह्यूजचा टप्पा गाठला होता, तेव्हा तिथे त्यांचं कौतुकच झालं होतं.

बंद केलं ते बरोबर की चूक यावर मी अजून ठाम नाही, खरं सांगायचं तर. कारण एक म्हणजे जशास तसं सुरू होतं. फेब्रुवारी २०२२ मध्ये जर्मनीने आरटीच्या जर्मन वाहिनीवर बंदी घातली, दुसऱ्या दिवशी रशियाने डॉयचे वेले या जर्मनीच्या सरकारी पैशावरच्या वाहिनीचं मॉस्कोतलं ऑफिस बंद केलं. यात नुकसान रशियातल्या त्या माणसाचं झालं ज्याला बाहेरची बातमी ऐकायची होती.

आणि दुसरं कारण याहून महत्त्वाचं, प्रचारसुद्धा पुरावा असतो. १९९४ मध्ये रवांडात तुत्सी लोकांची कत्तल झाली तेव्हा आरटीएलएम नावाचं रेडिओ स्टेशन लोकांना भडकवत होतं. पुढे त्या प्रसारणांची रेकॉर्डिंग आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणासमोर आली आणि डिसेंबर २००३ मध्ये माध्यमवाल्यांना वंशसंहारासाठी शिक्षा झाल्या. तेव्हा जर कोणी चांगल्या हेतूने म्हटलं असतं की असला विखारी मजकूर ठेवायचाच कशाला, पुसून टाका त्या कॅसेट, तर?

हेच 'आम्ही खूप मोकळे आहोत'वाल्या व्हिडिओंचं. ते आज खोटे म्हणून काढाल, पण कोणाला कॅमेऱ्यासमोर उभं केलं, कधी, कोणतं वाक्य पाठ करून घेतलं, हे उद्या कोणालातरी सिद्ध करायचं असेल.

"पण असलं रक्ताळलेलं सगळ्यांनी का बघायचं?"

नकाच बघू. मीही बघत नाही, एकदा बघितलं होतं आणि दोन रात्री झोप लागली नाही. घरात लहान मुलं मोबाइल घेऊन बसतात, त्यांच्यासमोर हे येता कामा नये.

पण बघण्यातून हटवणं आणि पुसून टाकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पोलीस खुनाचा रक्ताळलेला कोयता चौकात लटकवत नाहीत, बरोबर? पण नदीतही फेकत नाहीत. पंचनामा करतात, सील करतात, लेबल लावतात आणि मुद्देमाल म्हणून जमा करतात. कंपन्यांकडे चौक आहे, मुद्देमालाची खोली असलीच तर तिची किल्ली कोणाकडे आहे हे बाहेर कोणाला माहीत नाही. व्हिडिओवर वयाची अट घालता येते, आधी इशारा दाखवता येतो, शोधात न येणारा करता येतो. यूट्यूबच्या स्वतःच्याच नियमांत शैक्षणिक, माहितीपर, वैज्ञानिक आणि कलात्मक कामासाठी सूट आहे. अट अशी की संदर्भ सांगा, शीर्षकात लिहा, व्हिडिओत बोला. आता सीरियातल्या अलेप्पो शहरात बॉम्ब पडत असताना मोबाइल धरून पळणाऱ्याने कुठे शीर्षक लिहीत बसायचं!

गेला तर नेमकं काय जातं?

१५ ऑगस्ट २०१७ ला हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने लिबियाचा एक कमांडर, महमूद अल-वेर्फाली, याच्या नावाने अटक वॉरंट काढलं. बेनगाझी भागात सात घटनांत ३३ जणांना ठार मारल्याचा आरोप. या वॉरंटचा मोठा आधार होता सोशल मीडियावरचे व्हिडिओ, आणि ते व्हिडिओ कुठल्या कार्यकर्त्याने लपून काढलेले नव्हते, मारणाऱ्यांच्याच बाजूने मिरवायला काढलेले होते. म्हणजे गुन्हेगाराने स्वतःहून दिलेला कबुलीजबाब. मॉडरेशनच्या नियमाने बघाल तर हेच सगळ्यात आधी उडायला हवं. (वेर्फाली हेगला पोचलाच नाही, मार्च २०२१ मध्ये बेनगाझीतच मारला गेला.)

ह्युमन राइट्स वॉच या मानवी हक्कांवर काम करणाऱ्या संस्थेने २०२० मध्ये आपल्याच जुन्या अहवालांत दाखले दिलेल्या सोशल मीडियावरच्या ५,३९६ गोष्टी परत उघडून बघितल्या. ६१९ गायब, म्हणजे ११ टक्के. आणि या तर कोणीतरी बघितलेल्या, नोंद केलेल्या. कोणाच्या नजरेस पडण्याआधीच मशीनने उचललेल्या किती, याची मोजदाद कशी करणार?

शिवाय नुसतं चित्र जात नाही. कधी टाकलं, कुठल्या खात्याने टाकलं, खाली कोणी काय लिहिलं, कोणी म्हटलं अरे ही आमची गल्ली आहे, हे सगळं जातं. फाइलच्या मागच्या अशा माहितीला मेटाडेटा म्हणतात, सातबाराच्या उताऱ्यासारखं समजा, जमीन दिसते सगळ्यांना पण कोणाची ते उताऱ्यावर.

कोर्टात याची किंमत किती ते बघायला हेगला जायची गरज नाही, जालन्याला जा. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालन्यात २९६ मतांनी निकाल लागला आणि वाद झाला की उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या आत आला होता का. निवडणूक अधिकाऱ्याच्या ऑफिसातल्या सरकारी कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग होतं. तरी भांडण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं, अर्जुन खोतकर विरुद्ध कैलाश गोरंट्याल, कशावर, तर त्या रेकॉर्डिंगसोबत कायद्याने लागणारं प्रमाणपत्र नव्हतं. जुलै २०२० मध्ये कोर्टाने सांगितलं, मूळ यंत्रच कोर्टात आणलं तर गोष्ट वेगळी, पण कॉपी द्यायची तर प्रमाणपत्र हवंच. (मागूनही संबंधितांनी दिलंच नाही तर सूट, तेवढी दया दाखवली.) सरकारी ऑफिसातल्या सरकारी कॅमेऱ्याची ही कथा, मग परदेशातल्या कंपनीच्या सर्व्हरवरून उडालेल्या व्हिडिओचं प्रमाणपत्र कोण देणार?

"दुसरीकडे टाका मग, यूट्यूब काय बापाचं आहे?"

अताजुर्तने तेच केलं. ओडिसी नावाच्या साइटवर व्हिडिओ हलवायला घेतले, ब्लॉकचेनवर चालणारी, कोणा एकाच्या हातात नसलेली वगैरे. ११ हजारांपैकी पहिल्या झटक्यात हलले ९७५. आणि त्या ओडिसीच्या मुळाशी असलेल्या एलबीआरवाय कंपनीनेच पुढे २०२३ मध्ये, अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकासमोर केस हरल्यावर, गाशा गुंडाळायला घेतला. साइट चालू राहिली म्हणा, पण ज्यांनी सगळी पुंजी तिथे नेली त्यांच्या पोटात गोळा आलाच असणार. आणि मुळात लोक कुठे आहेत? यूट्यूबवर. गावाबाहेर सभा घ्यायला कोणी अडवत नाही, पण ऐकायला येतं कोण.

कंपनी खाजगी आहे, तिची मर्जी, हेही ऐकायला मिळतं. कायद्याने बऱ्याच अंशी खरंच आहे. पण मर्जीला चौकट घालता येते. युरोपात २०२४ पासून पूर्ण लागू झालेल्या डिजिटल सर्व्हिसेस कायद्याने मजकूर काढला की कारण द्यावं लागतं आणि दाद मागायची सोय ठेवावी लागते. तिथल्याच दहशतवादी मजकुराच्या कायद्यात एका तासात काढा असा दट्ट्या आहे, जो मला धोक्याचा वाटतो, कारण एका तासात विचार होत नाही, फक्त भीती वाटते. पण त्याच कायद्यात काढलेलं सहा महिने जपून ठेवा असंही लिहिलंय. आपल्याकडे २०२१ च्या आयटी नियमांत काढलेलं १८० दिवस सांभाळायची तरतूद आहे, पण ती तपास यंत्रणांसाठी. ज्याने व्हिडिओ काढला त्याला त्यातून काही मिळत नाही. आणि युद्धगुन्ह्याचे खटले सहा महिन्यांत उभे राहत नाहीत, रवांडाच्या त्या केसला नऊ वर्षं लागली.

मग माणसाने करायचं काय?

संयुक्त राष्ट्रांचं मानवी हक्क कार्यालय आणि बर्कली विद्यापीठ यांनी डिसेंबर २०२० मध्ये मिळून एक मार्गदर्शिका काढली, बर्कली प्रोटोकॉल. इंटरनेटवरचा पुरावा कोर्टात टिकेल असा कसा जमवायचा, याची. ती तपास करणाऱ्यांसाठी आहे, पण त्यातलं मूळ सूत्र कुठल्याही कार्यकर्त्याने, पत्रकाराने, धरणग्रस्ताने, मोर्चात मोबाइल काढणाऱ्या कोणीही वापरण्यासारखं आहे, की सोशल मीडियावर टाकलेलं म्हणजे जपून ठेवलेलं नव्हे.

मूळ फाइल ज्या फोनवर काढली त्यावरच राहू द्या, एडिट करायची तर कॉपीवर करा. दोन वेगळ्या ठिकाणी बॅकअप ठेवा, दोन्ही एकाच घरात नकोत. हॅश काढून ठेवा. हॅश म्हणजे फाइलच्या अंगठ्याचा ठसा, एक लांबलचक आकडा-अक्षरांची ओळ, फाइलमधला एक ठिपका जरी बदलला तरी ओळ बदलते, त्यामुळे पाच वर्षांनीही सांगता येतं की ही तीच फाइल. फुकट मिळणाऱ्या प्रोग्रामने दोन मिनिटांत निघतो. आपल्याकडे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातल्या प्रमाणपत्रातही आता हॅश लिहावा लागतो.

आणि ज्यांचा जीव जाऊ शकतो त्यांचे चेहरे लोकांसमोर टाकताना ब्लर कराच, त्या बाबतीत यूट्यूबचं बरोबर होतं. फक्त ब्लर न केलेली प्रत कुलपात हवी.

व्हॉट्सॲपवरून पाठवणार असाल तर व्हिडिओ म्हणून पाठवू नका, 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. नेहमीसारखा पाठवलात तर तो दाबून छोटा होतो, मेटाडेटा जातो, आणि समोरच्याकडे पोचतो तो ठसा पुसलेला.